तहकूब ग्रामसभा



कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मंडप अपुरा पडतो. अहवाल उघडून "हा वाहतूक खर्च एवढा कसा?" असं दरडावून विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हीच मंडळी गावच्या ग्रामसभेला मात्र दिसत नाहीत. मीही त्यातलाच, हे आधी कबूल करतो.

1958 च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात. वर्षाच्या पहिल्या सभेत मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाची विकासकामं आणि लेखापरीक्षणातले शेरे, त्यांना दिलेल्या उत्तरांसह, लोकांपुढे ठेवायचे असतात. 2015 पासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला, तेव्हा या कागदांचं वजन वाढलं आहे.

आता गोम ऐका. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांत जो आकडा कमी तो. दोन हजार मतदारांच्या गावाला 100 पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! अट सोयीसाठी सैल केली, पण गैरहजेरीचा फायदा घेणाऱ्याला रस्ता मोकळा झाला. मुद्दाम अडचणीची वेळ ठेवायची, दवंडी एकाच आळीत द्यायची, की काम झालं.

आमच्या गावात घरकुलाची यादी अशीच मंजूर झाली. 26 जानेवारीची सभा तहकूब, पुढच्या सभेला वीस-बावीस डोकी. तोडणीला बाहेर गेलेल्या एका कुटुंबाचं नाव त्या यादीतून गळलं. हंगाम संपवून ती माणसं परतली तेव्हा यादी वर गेलेली. त्या घरातल्या म्हातारीनं मला विचारलं, "दादा, तुमी तर गावातच हुता न्हवं?" होतो. उसाला पाणी देत होतो.

सरपंच-ग्रामसेवकांना शिव्या घालणं सोपं आहे. काही ठिकाणी त्या योग्यही असतात. पण ग्रामसेवकाकडे कित्येकदा दोन-दोन गावं असतात, त्याची ओढाताणही बघा. 1993 साली 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली, महाराष्ट्रात 2011 साली महिलांचं आरक्षण 50 टक्क्यांवर गेलं. तरी काही गावांत सही बाईंची आणि बोलणं मालकांचं, हेही चालू आहे.

पुढच्या सभेला जाताना लेखापरीक्षणाचे शेरे आधी वाचून जा. कोणी दाखवत नसेल तर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज द्या. उत्तराची मुदत 30 दिवस. आणि शेजारी तोडणीला गेला असेल तर यादीत त्याचंही नाव बघून या.