चिमुकली मोटार : पाहावी की चालवावी?

एकेकाळी मुंबईत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनी मोटारीचा मूळ आराखडा इटलीतील फियाट या कंपनीचा होता. याच कंपनीने १९५७ साली ट्युरिन शहरात एक चिमुकली मोटार विक्रीस आणली. तिचे नाव ‘नवी ५००’. महायुद्धानंतरच्या त्या काळात इटलीतील अनेक कुटुंबांना स्कूटरवरच समाधान मानावे लागे. अशा कुटुंबांना परवडेल अशी मोटार दान्ते जाकोसा या अभियंत्याने आखली. तिची लांबी तीन मीटरांहूनही किंचित कमी होती. मागील बाजूस दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे लहानसे इंजिन होते आणि त्याची शक्ती अवघी १३ अश्वशक्ती होती. तरीही ती लोकांना इतकी आवडली, की १९७५ पर्यंत अशा सुमारे ४० लाख मोटारी तयार झाल्या.

आता हौशी लोक या मोटारी मोठ्या प्रेमाने जपतात. परंतु ‘जपणे’ म्हणजे काय, याविषयी त्यांच्यात दोन मते आहेत.

काहींच्या मते अशी मोटार जागची हलवूच नये. रस्त्यावर अपघाताचे भय असते, पावसाने पत्रा गंजतो आणि धावता धावता भाग झिजतात. झिजलेला एकेक भाग बदलत गेले, तर शेवटी मूळ मोटार उरली कोठे? न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१७ साली १९६८ च्या बनावटीची अशी एक मोटार आपल्या संग्रहात घेतली. साध्या माणसाच्या वाहनाला तेथे चित्रांच्या आणि शिल्पांच्या पंक्तीत मान मिळाला.

दुसरा पक्ष म्हणतो, की यंत्राला विश्रांतीही मानवत नाही. दीर्घकाळ उभ्या असलेल्या मोटारीचे रबर कडक होऊन तडकते, टायर एकाच बाजूने चपटे होतात आणि टाकीतील जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बुरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवतो. शिवाय मोटारीबरोबर एक विद्याही जपायची असते. ही मोटार सुरू करताना किल्ली फिरवल्यावर दोन आसनांमधील दांडी ओढावी लागते. खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबून मध्येच इंजिनाची गती वाढवावी लागते. तसे न केल्यास दाते करकरू लागतात. ही हातोटी काचेपलीकडून पाहून कोणालाही येणार नाही.

इटलीतील गार्लेंदा या लहानशा गावी या मोटारींच्या चाहत्यांची एक संस्था आहे. तिच्या मेळाव्यांना दूरदूरचे लोक आपापल्या मोटारी स्वतः चालवीत येतात. त्याच गावात जाकोसाच्या नावाने एक संग्रहालयही आहे. म्हणजे एकाच गावात मोटारी पाहायलाही मिळतात आणि धावतानाही दिसतात!

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली ‘ट्युरिनची सनद’ स्वीकारली. वाहनाचे मूळ स्वरूप राखावे, असे ती सांगते. त्याचबरोबर त्याचा जपून वापर करणे हाही जतनाचाच भाग आहे, असे ती मानते.

या वादाचा निवाडा वस्तूच्या दुर्मिळतेवरून करणे इष्ट ठरेल. जिचा एकच नमुना शिल्लक आहे, ती वस्तू गमावली तर पुन्हा मिळणार नाही. म्हणून तिला संग्रहालयातच ठेवावे. परंतु जिच्या हजारो बहिणी अजून शिल्लक आहेत, अशा मोटारीला कायमचे कुलपात ठेवणे उचित नव्हे. तिला जपून चालवावे, वेळेवर तेलपाणी करावे आणि तिचे दोष तिच्या आवाजावरून ओळखण्यास नव्या पिढीला शिकवावे. संग्रहालय मोटारीचे रूप राखते. तिची चाल मात्र चालवणाऱ्यांच्या हातीच राहते.