सैल हातांची विद्या

शाळेच्या संमेलनांत बँडचा ड्रम वाजूं लागला म्हणजे पुढच्या रांगेंतील लहान मुलांचे डोळे वाजविणाराच्या हातांवर खिळतात. काठ्या दिसेनाशा होतात, त्यांच्या जागीं एक धूसर रेषा तेवढी उरते. आणि पाहणाराला वाटतें कीं, एवढ्या वेगासाठीं अंगांत केवढें बळ लागत असेल! याच समजुतीनें पुष्कळ मुलें प्रथम काठ्या हातीं घेतात. मग दांतओंठ खाऊन, खांदे चढवून आणि मुठी आवळून तीं ड्रमशीं झुंज घेऊं लागतात. दहा मिनिटांत हात भरून येतात व हौस मावळते. प्रस्तुत लेखकानेंही विद्यार्थिदशेंत हेंच केलें आणि त्याचें फळ भोगलें. तें पुढें सांगेन. या लेखाचा विषय एवढाच कीं, जॅझ नांवाच्या संगीतांत ड्रम वाजवितांना शरीर सैल कां ठेवावें लागतें, आणि तें सैल ठेवण्यास शिकावें कसें.

हें संगीत विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं, तेथील कृष्णवर्णी लोकांत उदयास आलें, असें सामान्यतः मानतात. आपल्या मुंबईसही तें परकें नाहीं. सन १९३५ मध्यें लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलांत वाजविण्यास आला. त्याच्या मागून इतरही आले. आणि गोव्याकडील ज्या वादकांनीं ही विद्या उचलली, त्यांपैकीं कित्येकांनीं पुढें हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम केलें.

जॅझमधील ड्रम म्हणजे एक वाद्य नव्हे. एकाच माणसाभोंवतीं मांडलेला तो वाद्यांचा संसार आहे. उजव्या हाताला, स्टँडवर बसविलेली कांशाची मोठी झांज. तिला राइड सिंबल म्हणतात. डाव्या हाताखालीं स्नेअर नांवाचा लहान ड्रम; त्याच्या खालच्या कातड्यास तारा भिडविलेल्या असल्यामुळें त्याचा आवाज ताशासारखा करकरीत येतो. डाव्या पायाखालीं हाय-हॅट, म्हणजे पायानें मिटावयाचा दोन झांजांचा टाळ; आणि उजव्या पायाखालीं बेस ड्रम हा मोठा ढोल. चार अवयवांस चार निरनिराळीं कामें नेमून दिलेलीं असतात, आणि त्यांतील एक जरी ताठला तरी तो ताठरपणा शेजाऱ्यांस बाधल्यावांचून राहत नाहीं.

झांजेवरील नेहमींच्या ठेक्यांत चार मात्रांच्या एका आवर्तनास सहा आघात पडतात: पहिल्या मात्रेवर एक, दुसरीवर एक व तिच्या पोटांत आणखी एक, आणि तिसरी-चौथी याच रीतीनें. आतां सन १९४५ च्या नोव्हेंबरमध्यें मुद्रित झालेली चार्ली पार्कर याची ‘को-को’ ही ध्वनिमुद्रिका घ्या. तींत ड्रमवर मॅक्स रोच हा एकवीस वर्षांचा तरुण आहे. लय मिनिटास सुमारें ३०० मात्रांची. म्हणजे मिनिटाला आवर्तनें झालीं ७५. सहानें गुणलें असतां नेहमींच्या ठेक्यांत एकट्या उजव्या हाताचे आघात होतात ४५०, सेकंदाला साडेसात! मूठ आवळून प्रत्येक आघात निरनिराळा मारूं पाहणारा मनुष्य या लयीला फार वेळ टिकणार नाहीं. निष्णात वादक टिकतो, कारण सगळे आघात तो स्वतः मारीतच नाहीं. त्यांतील पुष्कळसे काठी आपण होऊन मारते.

हें विधान चमत्कारिक वाटेल. परंतु रबरी चेंडू जमिनीवर टिपणाऱ्या मुलास तें लगेच पटेल. चेंडू वर उचलावा लागत नाहीं; तो आपण वर येतो, आणि आपण त्यास पुन्हां खालीं धाडण्यापुरतीच टिचकी देतों. ताणलेलें कातडें व कांशाचा पत्रा हींही आदळलेल्या काठीला तसेंच परत फेंकतात. या परत येणाऱ्या काठीला वाट मोकळी ठेवणें, ही ड्रमवादनाची अर्धी विद्या होय. जो मूठ आवळून धरतो, तो तिची वाट अडवितो; मग तीच काठी त्याला स्वतःच्या बळानें पुन्हां उचलावी लागते, आणि एका आघाताचे श्रम दुप्पट होतात. खेड्यांतील आपल्या आयाबहिणींना हें शास्त्र पुस्तकावांचून अवगत होतें. उखळांत भात कांडतांना त्या मुसळ उचलीत; पण खालीं दाबून मारीत नसत, तें आपल्याच भारानें पडूं देत, आणि पडण्याच्या क्षणीं पकड सैल करीत. लोहाराचा हातोडाही ऐरणीवरून उसळतो, आणि त्या उसळीवरच तो पुढचा घाव उचलतो.

कोणी म्हणेल, हळू वाजवावयाचें असेल तर हें ठीक. मोठ्या आवाजाला तरी बळ हवेंच ना? येथें पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेली गोष्ट आठवावी. काठीचें वजन जेमतेम ५० ग्रॅम. तें कांहीं वाढत नाहीं. वाढतो तो वेग. आणि वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते. वेग येतो तो काठी किती उंचावरून व किती मोकळेपणानें फिरली यावरून, मूठ किती आवळली यावरून नव्हे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील सॅव्हॉय नृत्यगृहांत आपल्या ताफ्यासह वाजविणारा चिक वेब हा याचें बोलकें उदाहरण आहे. लहानपणींच पाठीच्या कण्यास क्षयाची बाधा झाल्यानें तो अतिशय ठेंगणा राहिला, पाठीस बाक आला, आणि दुखणें कधीं सुटलें नाहीं. उंच चौथऱ्यावर बसून, मुद्दाम करवून घेतलेल्या पायट्यांनिशीं तो वाजवीत असे. ता. ११ मे १९३७ च्या रात्रीं बेनी गुडमन याचा नामांकित ताफा त्याच्याशीं सामना करावयास सॅव्हॉयमध्यें आला. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रूपा हा धट्टाकट्टा, देखणा आणि लोकांचा लाडका. परंतु बाजी वेबनें मारली, आणि क्रूपानें ती हार पुढें मोकळ्या मनानें मान्य केली. वेब सन १९३९ मध्यें वारला.

आतां शरीराकडे वळूं. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू कोपर मिटवितो, मागचा उघडतो. मनगटाचेंही असेंच आहे. एक आखडतो तेव्हां दुसऱ्यानें सैलावें, असा निसर्गाचा करार आहे. भीति, घाई किंवा हट्ट यांमुळें दोन्ही एकाच वेळीं आखडले म्हणजे सांधा जखडतो, आणि आपलेच दोन नोकर एकमेकांशीं भांडत बसल्यासारखें होतें. शिवाय सारखा आवळलेला स्नायू आपल्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबतो. ताजें रक्त पुरेसें पोंचत नाहीं, आणि हात जड होऊन जळजळूं लागतो. श्वास कोंडला जातो तो निराळाच. याचा परिणाम संगीतावर लगेच उमटतो. ताठलेला हात लय धांवडवितो, आणि थकल्यावर तीच मागें खेंचतो. नाचणाराचीं पावलें ज्या आधारावर पडावयाचीं तो आधारच डळमळला, तर मग बाकीच्या वाद्यांनीं कितीही गोड वाजविलें तरी काय उपयोग?

या संगीताच्या इतिहासांत थकलेल्या एका पायानें मोठी क्रांति घडविण्यास हातभार लावला, ही कथा मला फार आवडते. पूर्वीं ड्रमवादक बेस ड्रमवर दर मात्रेला एक याप्रमाणें चारही मात्रा पायानें ठोकीत असत. केनी क्लार्क हा तरुण टेडी हिल याच्या ताफ्यांत होता. एकदां एका गीताची लय इतकी चढी धरली गेली कीं, चारही मात्रा पायानें मारणें शक्य होईना. तेव्हां त्यानें पायाचा हट्ट सोडला, लय झांजेवर सोंपविली, आणि पाय केवळ अधूनमधून, ऐन मोक्याच्या जागीं, दचकविणारा ठोका देण्यापुरता राखला. ही हकीकत पुढें त्यानेंच सांगितली आहे. सन १९४० च्या सुमारास हार्लेममधील मिंटन्स येथें त्याचें हें वादन तरुण वादकांच्या कानीं पडलें, आणि मॅक्स रोचसारखे त्याच वाटेनें पुढें गेले. शरीर नाहीं म्हणत असतां त्याला दामटण्यापेक्षां त्याचें ऐकलें, आणि त्यांतून नवी शैली निघाली. काउंट बेसी याच्या ताफ्यांतील जो जोन्स यानेंही लयीचा भार मोठ्या ढोलावरून उचलून हाय-हॅटवर ठेवला होता. त्याचा हात एवढा हलका कीं साऱ्या ताफ्याचें वजन उतरल्यासारखें वाटे. त्याची चित्रफीत पाहण्याचा योग आला तर हातांच्या आधीं चेहरा पाहावा. तो हंसत असतो.

आतां माझी फजिती. मी पंधरा वर्षांचा असतांना एका समारंभांत ड्रम वाजविण्याचें काम मजकडे आलें. महिनाभर मीं रोज दोन तास, दांत आवळून, सराव केला. हातांस फोड आले तेव्हां तें मला शौर्यपदक वाटलें. मग कोपरापासून मनगटापर्यंत ठणका लागला. तोही मीं घरीं कोणास सांगितला नाहीं. समारंभाच्या दिवशीं तिसऱ्या गीतांत उजवा हात इतका आखडला कीं, काठी सुटून पुढें बसलेल्या पाहुण्यांच्या पायांशीं जाऊन पडली. वैद्यांनीं दोन महिने काठीस शिवूं नये असें बजाविलें. पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानीं घ्यावी: सरावानंतर स्नायू शिणणें निराळें, आणि सांध्यांत किंवा शिरांत कळ येणें निराळें. शीण झोंपेनें जातो. कळ आली तर त्याच क्षणीं थांबलें पाहिजे, आणि ती टिकली तर वैद्यांस दाखविलें पाहिजे. मुलाच्या जिद्दीचें कौतुक करण्याची ती वेळ नव्हे.

दोन महिन्यांनीं मी गोव्याकडच्या एका वृद्ध वादकाकडे जाऊं लागलों. पहिला आठवडा त्यांनीं मला ड्रमजवळ बसूंच दिलें नाहीं. हात खालीं सोडून उभा राहा म्हणत. असा उभा राहिलों असतां बोटें ना मिटलेलीं ना ताठ, किंचित् वळलेलीं असत. तोच काठी धरण्याचा आकार, असें ते दाखवीत. काठीच्या पुढच्या दोन भागांस मोकळें ठेवून, मागच्या तिसऱ्या भागाच्या आरंभीं अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट. तीच काठीची बिजागरी. बाकीचीं तीन बोटें काठीला टेकलेलीं, पण आवळलेलीं नाहींत. मग एक फूट उंचीवरून काठी रबराच्या गादीवर पडूं द्यावयाची आणि ती किती वेळा उसळते तें नुसतें मोजावयाचें. “पोरा, तिला मारूं नकोस,” ते म्हणत, “ती पडते आहे, तिला पडूं दे.” उशीवर सराव करावा असें कित्येक सुचवितात, शेजाऱ्यांच्या दृष्टीनें तें बरेंही, परंतु उशी काठीला परत फेंकीत नाहीं, म्हणून नवशिक्यानें सैलपणा शिकण्यासाठीं रबराची गादीच घ्यावी हें माझें मत.

बसण्याकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात. स्टूल इतकें उंच असावें कीं मांड्या गुडघ्यांकडे किंचित् उतरत्या राहतील; पाठ सरळ, पण शिपायासारखी ताठ नव्हे. कोपरें अंगालगत आपल्या भारानें लोंबूं द्यावीं. झांज फार उंच किंवा फार दूर लावली तर हात आघातासाठीं न शिणतां केवळ तरंगत राहण्यानेंच शिणतो. ती स्वतःकडे ओढून घेण्यांत कमीपणा कसला? मग घड्याळाच्या सेकंदकांट्याबरोबर मिनिटास ६० आघात, मोठ्यानें आंकडे मोजीत. मोजणें तोंडानें करावयाचें, याचें कारण असें कीं बोलणाराला श्वास कोंडतां येत नाहीं. दर दोन मिनिटांनीं मनांतल्या मनांत जबडा, खांदे, पोट आणि पायाचीं बोटें तपासावीं. चोर बहुधा यांतच दडलेला सांपडतो. माझा जबड्यांत होता.

लय वाढवावयाची ती चार-चार मात्रांनीं. खांदा वर चढला कीं मागें फिरावें, दांडगाईनें पुढें जाऊं नये. जलद वाजवावयाचें तेव्हां आघात लहान व मंद करावे. उंची आणि वेग हीं दोन्ही एकदम मागूं नयेत. यापुढची पायरी म्हणजे आसुडाची चाल. सॅनफर्ड मोलर या अमेरिकन शिक्षकानें सन १९२५ मध्यें छापलेल्या पुस्तकामुळें ती त्याच्या नांवानें ओळखली जाते, आणि वर आलेला क्रूपा हाही त्याच्यापाशीं शिकला होता. बैल हांकणारा गडी आसूड फिरवितो तेव्हां आधीं बाहु निघतो, मग मनगट, आणि सर्वांत शेवटीं दोरीचें टोंक. काठीही तशीच मागें रेंगाळूं दिली असतां बाहूच्या एका हेलकाव्यांत दोन किंवा तीन आघात निघतात. झांजेवरच्या ठेक्यांतील जोडीचे आघात याच रीतीनें एका फेंकीवर येतात. लिहून हें पुरतें समजत नाहीं. जाणत्याच्या समोर बसावें.

सैल म्हणजे लुळें, असा मात्र अर्थ घेऊं नये. पतंगाची दोरी अगदीं ढिली सोडली तर पतंग गोता खातो. चिमटींत थोडी ओढ हवीच. ती ओढ किती, हें तपासण्याची आमच्या मास्तरांची युक्ति मोठी खट्याळ होती. मी वाजवीत असतां ते पाठीमागून पाऊल न वाजवितां येत आणि अवचित काठीचें टोंक धरून ओढीत. काठी हातांत घट्ट राहिली तर एक शब्दही न बोलतां ते गादी उचलून ठेवीत, आणि त्या दिवसाचा धडा संपे. असें तीन आठवडे चाललें. चौथ्या आठवड्यांत एका संध्याकाळीं त्यांनीं ओढली ती काठी अलगद त्यांच्या हातीं गेली, आणि माझा हात रिकामाच ताल धरून दोन आवर्तनें हालत राहिला. मास्तरांनीं ती काठी मला परत दिली, कोपऱ्यांतील झांजेवरचें फडकें काढलें, आणि स्टूल माझ्याकडे सरकविलें.