स्फोटक शक्ती : मोजावी कशी?

इ.स. १९५७ मध्ये, स्वातंत्र्यसमराच्या शताब्दीवर्षी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आपल्या ग्वाल्हेरीत सुरू झाले. आज ती राष्ट्रीय संस्था आहे. खेळाडू तपासण्याचा प्रसंग त्यामुळे येथील वैद्यकव्यावसायिकास नवा नाही.

मध्यंतरी सतरा वर्षांचा एक फुटबॉलपटू मजकडे आला. एका निवडचाचणीत त्याची उभी उडी ४२ सें.मी. भरली, सोबत्याची ५०. ‘पायांत जोर नाही’ या शेऱ्यानिशी त्याला वगळण्यात आले होते. त्याचे वजन ७५ किलो, सोबत्याचे ६०.

उभ्या उडीची ही चाचणी डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडली. तीत उंची मिळते, शक्ती नव्हे. सेयर्स प्रभृतींच्या १९९९ च्या सूत्रानुसार उडीच्या सेंटिमीटरांस ६०.७ ने व वजनाच्या किलोंस ४५.३ ने गुणून, बेरजेतून २०५५ वजा केले की कमाल शक्ती वॅटमध्ये मिळते. हिशेब केला, तर वगळलेल्या मुलाची शक्ती सुमारे ३८९२ वॅट निघाली, निवडलेल्याची ३६९८! दर किलोमागे मात्र अनुक्रमे ५२ व ६२. वेगाने सुटणाऱ्या आघाडीवीरास दुसरा आकडा महत्त्वाचा. अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास थोपविणाऱ्या बचावपटूस पहिलाही तितकाच. हा मुलगा बचावपटू होता.

मार्गारिया-कॅलामेन चाचणीत खेळाडू दर ढांगेस तीन पायऱ्या घेत जिना चढतो आणि तिसऱ्या ते नवव्या पायरीचा वेळ मोजतात. साठ किलोच्या खेळाडूने १.०५ मीटर चढ अर्ध्या सेकंदात पार केला, तर शक्ती सुमारे १२३५ वॅट येते. उडीच्या सूत्राने येणारा आकडा याच्या तिप्पट! कारण उघड आहे : तेथे क्षणिक कमाल शक्ती, येथे सरासरी. विंगेट चाचणी तर तीस सेकंद सायकल दामटविते. तीत स्फोटापेक्षा दमाचीच परीक्षा अधिक, असे माझे मत आहे. एका चाचणीचे आकडे दुसरीच्या तक्त्यात बसवू नयेत. उडीतही हातांचा झोका दिल्यास उंची वाढते. तो एकास मोकळा आणि दुसऱ्यास बंद, असे चालणार नाही.

मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबताच तो कळवळला. दुखणे दोन महिन्यांचे. चाचणीपूर्वी कोणी विचारले नव्हते, आणि त्यानेही, जागा जाईल या भीतीने, सांगितले नव्हते. मी विश्रांती व व्यायाम लिहून दिले आणि प्रशिक्षकांस पत्र धाडले : वेदना शमल्यावर, कमरेवर हात ठेवून, दोघांची उडी पुन्हा घ्यावी, वजनासह.