काउंटरखालचा डबा आणि हातातलं फडकं

रविवारी रात्री आठच्या सुमारास एखाद्या चालत्या रेस्टॉरंटात काम कसं चालतं ते बघा. कॅप्टन टॅबवर ऑर्डर टाकतो, ती वायफायवरून काउंटरखालच्या छोट्या डब्याकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते आणि किचनमधल्या प्रिंटरवर केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी निघते. इकडे टेबल आवरणारा मुलगा ताटं उचलतो, फडकं मारतो, पाणी ठेवतो. तो रेंगाळला की दाराशी रांग लागते. पालकांना यातला डबा करिअर वाटतो आणि फडकं नशीब. मला हे अजिबात पटत नाही.

आयटीआयमध्ये दहावीनंतर दोन्हींचे वर्षभराचे ट्रेड आहेत: कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स आणि फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस असिस्टंट. सुरुवातीला दोन्हींकडे ओझी उचलणं आणि बोलणी खाणं आलंच. सणासुदीची सुट्टी दोघांनीही विसरावी. सर्व्हरची देखभाल जग झोपल्यावरच होते.

आता त्या डब्याचंच बघा. वीज जाऊन राउटर पुन्हा चालू झाला आणि पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिला, तर सर्व्हर जुन्याच पत्त्यावर केओटी पाठवत राहतो. कॅप्टनला वाटतं ऑर्डर गेली, शेफला वाटतं गिऱ्हाईकच नाही. नवशिका सगळं बंद-चालू करत बसतो. जाणकार प्रिंटरला कायमचा पत्ता बांधून देतो आणि निघतो.

हार्डवेअरच्या अभ्यासक्रमात नेटवर्क जोडण्याची एक जुनी पद्धत, बस टोपोलॉजी, असते. एकच लांब केबल, दोन्ही टोकांना टर्मिनेटर, सगळे संगणक तिलाच जोडलेले. १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी मांडलेलं इथरनेट याच धर्तीचं. दोघांनी एकदम माहिती सोडली की टक्कर. मग थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. केबल मध्येच तुटली की अख्खं ऑफिस ठप्प. आता प्रत्येक संगणकाला वेगळी केबल देणारे स्विच आले, मग हे कशाला शिकायचं, असं मुलं विचारतात. परीक्षेत येतं म्हणून, हे एक उत्तर. पण वायफायमध्येही सगळ्यांना मिळून एकच चॅनेल वापरावं लागतं. म्हणून गिऱ्हाइकांचं वायफाय आणि ऑर्डरचं वायफाय शक्यतो वेगवेगळ्या चॅनेलवर ठेवायचं, हे ज्याला बस समजली त्याला लगेच कळतं.

हॉटेलच्या वाटेने पुढे जायचं तर बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेशपरीक्षा देऊन दादर किंवा पर्वरीच्या आयएचएममध्ये, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेत जाता येतं. दादरची संस्था १९५४ पासूनची. तिथेही फडकं सुटत नाही, बरं का. पदवीला आलेली मुलंही टेबल मांडायला आणि आवरायला शिकतात.

निर्णयाआधी मुलाला सुट्टीत महिनाभर ओळखीच्या हॉटेलात उभं करा, नाहीतर घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून सगळ्यांच्या फोटोंसाठी सर्व्हर उभारायला सांगा. गर्दीत डोकं शांत राहतं का, बिघाड सापडेपर्यंत तो चिकटून बसतो का, एवढंच बघा. क्लासवाल्याकडे गेलात तर फीच्या आधी लॅब दाखवायला सांगा, आणि तिथल्या स्विचला मुलांना हात लावू देतात का तेही विचारा.