फोटोंचे फोल्डर उघडताना संगणक का अडतो?

पूर्वी फोटो म्हणजे लग्नात काढायचा आणि चौकटीत घालून भिंतीला लावायचा. आता घर पडले, काढ फोटो. गाय घेतली, काढ फोटो. पिकात पाणी शिरले, काढ फोटो. बचत गटाची बैठक झाली, तिचाही फोटो. हे सगळे मोबाइलमधून संगणकात जातात आणि तेथे एका फोल्डरमध्ये साठतात. फोल्डर म्हणजे कागद ठेवायचे दप्तरच, फक्त ते संगणकाच्या पोटात असते.

वर्ष-दोन वर्षे गेली की घोटाळा सुरू होतो. एरवी संगणक बरा चालतो. अर्ज टाईप होतो, हिशेब होतो. पण फोटोंचे फोल्डर उघडले की तो अडून बसतो, चढावर बैल बसावा तसा. पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. मग कोणी म्हणतो, "मशीन गेलं. नवं घ्या." दुसरा म्हणतो, "फॉरमॅट मारा, मोकळं होईल."

या दुसऱ्या सल्ल्याला आम्ही फार भितो. फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी पुसणे. पुसणारा पाटीवर काय लिहिले होते ते पाहत नाही. आधी नक्कल काढली नसेल, तर पंचनाम्याचे फोटो गेले आणि वडिलांचा शेवटचा फोटोही गेला. म्हणून आधी दुखणे ओळखावे, औषध मागाहून.

फोल्डर उघडताना संगणक काय करीत असतो? ते पाहू.

फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. पुष्कळ मोबाइलच्या फोटोत एका आडव्या ओळीत ४,००० ठिपके असतात, आणि अशा ३,००० ओळी. गुणाकार करा. १ कोटी २० लाख ठिपके झाले! एवढा पसारा जागा फार खाईल, म्हणून फोटो घडी घालून, दाबून ठेवलेला असतो, ट्रंकेतल्या लुगड्यासारखा. फोल्डर उघडले की प्रत्येक फोटोचे एक छोटे चित्र दिसते. त्याला थंबनेल म्हणतात, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे चित्र. ते करायला संगणकाला बहुतेक वेळा मूळ फोटो शोधावा लागतो, घडी उलगडावी लागते आणि मग तो लहान करावा लागतो. ८०० फोटो असले तर हे काम ८०० वेळा.

एकदा केलेली छोटी चित्रे संगणक जपून ठेवतो. म्हणून तेच फोल्डर दुसऱ्या खेपेला लवकर उघडते. पहिल्या खेपेला वेळ लागला तर ते दुखणे नव्हे, ते काम आहे. तोवर चहा घ्यावा.

पण दर खेपेला तितकाच वेळ लागतो का? मग ती छोटी चित्रे कोणी तरी पुसत असावे. संगणक साफ करणारे प्रोग्रॅम पुष्कळ जण घालून ठेवतात. ते रोज झाडू मारतात आणि संगणकाला रोज नव्याने चित्रे करावी लागतात. छोटी चित्रे पुसली तरी मूळ फोटोला धक्का लागत नाही, हे खरे. पण विंडोजच्या साफसफाईच्या यादीत 'डाउनलोड्स' असेही एक नाव येते. त्यापुढे खूण करू नका. इंटरनेटवरून उतरवलेले फोटो पुष्कळदा तेथेच पडलेले असतात, आणि ते मात्र खरोखरीच जातात.

आता एक सोपी परीक्षा. फोल्डर उघडा. वरच्या पट्टीत 'व्ह्यू' हा शब्द आहे. तो दाबून 'डिटेल्स' निवडा. चित्रे जातील आणि नुसती नावांची यादी दिसेल. यादी झरझर सरकली तर समजा, सगळा भार त्या छोट्या चित्रांचा होता. मशीन ठीक आहे. नवे घेऊ नका. फोटोंची वाटणी करा, म्हणजे झाले: प्रत्येक वर्षाचे फोल्डर, त्यात प्रत्येक महिन्याचे. शाळेत सगळ्या वर्गांची हजेरी एकाच वहीत कोणी घेत नाही.

सगळे फोटो ठीक दिसतात, पण संगणक दर वेळी एकाच जागी अडतो, असेही होते. तेथे एखादा फोटो किंवा व्हिडिओ बिघडलेला असतो. तो हुडकायची युक्ती आहे. अर्धे फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये न्या. कोणता अर्धा भाग अडतो ते पाहा. जो अडतो, त्याचे पुन्हा दोन भाग करा. १,००० फोटो असले तरी दहा वाटण्यांत चोर सापडतो. हिशेब करून पाहा, गंमत वाटेल.

पेन ड्राइव्हमधले किंवा वायरीने जोडलेल्या मोबाइलमधले फोटो तेथल्या तेथे पाहत बसू नका. ती वाट अरुंद असते. आधी संगणकात उतरवा, मग पाहा.

यादीसुद्धा हळू उघडते का? इतर फोल्डरही रेंगाळतात का? मग दुखणे दुसरे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. संगणकाच्या कामाचा तक्ता येईल. तक्ता लहान आला तर 'मोअर डिटेल्स' दाबा. त्यात 'मेमरी' आणि 'डिस्क' ही नावे पाहा. मेमरी भरत आली असेल तर उघडे ठेवलेले बाकीचे प्रोग्रॅम बंद करा. तुम्ही काही करीत नसताना डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर राहिली, तर मात्र सावध व्हा. आतून टक-टक आवाज येत असेल तर अधिकच सावध व्हा.

जुन्या संगणकात डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी असते. लॅपटॉपमधली मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते. तिच्यावर एक बारीक हात इकडून तिकडे धावून फोटो शोधतो. अशी डिस्क झिजते आणि एक दिवस बंद पडते. ती आजारी दिसली की फोटो इकडून तिकडे हलवू नका, वाटण्या करू नका. फक्त नक्कल काढा. आधी ज्याची दुसरी प्रत कोठेच नाही ते: दाखले, पंचनामे, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. बाकीचे मागाहून.

नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडले, म्हणजे नक्कल झाली. नुसते 'कॉपी झाली' म्हणून चालत नाही.

यानंतर मशीन कारागिराकडे न्यावे. त्याला एसएसडी बसवता येईल का, हे विचारावे. तीत फिरणारे काही नसते, त्यामुळे शोध फार लवकर लागतो. डिस्कच मंद असेल तर एवढ्या बदलाने जुना संगणक पुष्कळदा चांगला चालू लागतो आणि नव्याचा खर्च वाचतो. काम झाल्यावर जुनी डिस्क त्याच्याकडे ठेवू नका, मागून घ्या.