‘दुधाचा दात आहे, पडेल’ म्हणण्याआधी



मागे एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचे अर्ज वाचत होते. एका अर्जावर कारण लिहिलं होतं, ‘मुलाचा दात’. मुलगा नऊ वर्षांचा. मागची दाढ किडून गाल सुजलेला. ताई म्हणाली, “वर्षभर दुखतंय म्हणत होता. मला वाटलं दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप.” डॉक्टरांनी सांगितलं, ही कायमची दाढ आहे. ही गेली तर दुसरी येणार नाही.

खरं सांगायचं तर मलाही हे तेव्हाच कळलं. म्हणून हा पाठ.

ही दाढ ओळखायची कशी?

दुधाचे दात 20 असतात. साधारण सहाव्या वर्षी खालचे पुढचे दात हलायला लागतात. त्याच सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे चार नव्या दाढा येतात, वर दोन आणि खाली दोन. त्या जागी आधी दातच नसतो. काही पडत नाही, म्हणून नवं काही आलंय हे आपल्या ध्यानात येत नाही.

मुलाला उजेडात बसवा. पुढच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मोजत मागे जा. पडलेल्या दाताची जागाही मोजा. सहावी आहे ती कायमची दाढ. पुढे 12 वर्षांपर्यंत बाकीचे दुधाचे दात एकेक करून बदलतात.

काय झालं तर घाबरू नये?

- हिरडी थोडी लाल होते, सुजते, चावताना दुखतं. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायला सांगा. मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी द्या.
- खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागून येतात, दोन रांगा दिसतात. पुढचा दात हलत असेल तर तो बहुतेक वेळा आपोआप पडतो. हलतच नसेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा.
- वरच्या पुढच्या दातांत फट दिसते. सुळे आले की ती बहुतेकदा भरून येते.

कशावर थांबायचं नाही?

“दात येतायत, म्हणून ताप आलाय,” असं आपण सहज म्हणतो. पण ताप, जुलाब, उलट्या यांचं कारण दुसरंच असतं. दातांवर ढकलून दिवस घालवू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात न्या.

गाल सुजला, हिरडीवर पुवाची पुळी आली, तोंड उघडत नाही किंवा दुखण्यानं मूल रात्री झोपत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि दुखतंय म्हणून मुलाच्या दाताला मिश्री लावू नका. ती तंबाखूच आहे, सवय तिथूनच लागते.

रोज काय करायचं?

नव्या दाढेवर खोल खाचा असतात. बिस्कीट, चॉकलेट त्यात चिकटून बसतं. म्हणून सकाळी आणि रात्री झोपण्याआधी ब्रश. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत मागच्या दाढांवर ब्रश तुम्ही स्वतः फिरवा, मुलांचा हात तिथवर नीट पोचत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीला येतं. त्यात दातही बघतात, पैसे लागत नाहीत. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

पुढच्या बैठकीआधीचा गृहपाठ

आज रात्री आपल्या पोराची सहावी दाढ बघा. काळा डाग किंवा खड्डा दिसला तर दुखायची वाट बघू नका. लहान खड्डा भरता येतो. त्या ताईच्या मुलाची दाढ शेवटी वाचली, पण कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

तुमची क्षेत्र समन्वयक