जमिनींतील सेंद्रिय नत्र व जड नत्राची साक्ष

पिकास नत्र लागतें, हें कोणाहि शेतकरी बंधूस आतां निराळें सांगावयास नको. पण उभ्या पिकानें घेतलेलें नत्र आलें कोठून, असें विचारल्यास बहुतेक जण गोणीकडे बोट दाखवितात. यूरिया टाकला, पीक हिरवें झालें, तेव्हां नत्र गोणींतलेंच! हा हिशेब अर्धाच खरा आहे. आणि राहिलेल्या अर्ध्यांत आपला पैसा व जमिनीचा कस हीं दोन्ही गुंतलेलीं असल्यानें त्याचा थोडा विचार येथें करूं.

जमिनीच्या वरच्या थरांतील नत्रापैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक नत्र सेंद्रिय रूपांत, म्हणजे मुळें, पाचोळा, शेण व मेलेले सूक्ष्म जंतु यांच्या अवशेषांत, बांधलेलें असतें. तें पिकास बहुतांशीं जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. जंतु त्याचा प्रथम अमोनिया व मग नायट्रेट बनवितात, तेव्हां तें मुळांच्या उपयोगीं पडतें. एकदां नायट्रेट झालें कीं तें गोणींतलें कीं मातींतलें, हें साध्या रासायनिक परीक्षेनें कळत नाहीं. दोन विहिरींचें पाणी एका हौदांत पडल्यावर निवडावें कसें?

ही निवड समस्थानिकांनीं साध्य झाली. नत्राचे अणु दोन वजनांचे असतात. १४ वजनाचे हलके व १५ वजनाचे जड. हवेंतील नत्रांत सुमारें २७३ अणूंत एकच जड असतो. तो किरणोत्सारी नाहीं, व पिकास अपायहि करीत नाहीं. खतांत जड अणूंचें प्रमाण मुद्दाम वाढविलें म्हणजे, कळपांत आपलें जनावर डागून सोडावें, तसें तें खत पुढें कोठेंहि ओळखतां येतें.

इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथें ब्रॉडबॉक नांवाचें शेत आहे. तेथें १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. १९८० पासून तेथील लहान वाफ्यांत असें खूण केलेलें खत वसंत ऋतूंत देऊन पाहण्यांत आलें. त्यांतील निम्म्यापासून सुमारें दोनतृतीयांशापर्यंत नत्र दाण्यांत व काडांत सांपडलें. कांहीं हातचें गेलें. मातींत उरलें तें मुख्यतः सेंद्रिय रूपांत. मोकळ्या नायट्रेट-अमोनियाच्या रूपांत कापणीच्या वेळीं शेंकडा एकदोन भागच होता. आणि तरीहि मातींत नायट्रेट होतेंच! त्यांतील बहुतेकावर खूण नव्हती. तें जुन्या सेंद्रिय सांठ्यांतून सुटलेलें होतें.

शेणखताचें नत्र झिरपत नाहीं, अशी कित्येकांची समजूत आहे. ब्रॉडबॉकच्या ज्या पट्टींत दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत पडतें, तेथें मातींतील नत्र दुपटीहून अधिक झालें. पण वाहून जाणारें नायट्रेटहि तेथें मोठें. जंतूंना ऊब व ओल मिळाली कीं पुरे. शेतांत पीक आहे कीं नाहीं, हें ते पाहत नाहींत. इंग्लंडांत हा धोका शरद् ऋतूंतला. आपल्याकडे उन्हाळ्यांत तापलेल्या जमिनीवर मृगाचा पाऊस पडला कीं नायट्रेटाचा लोंढाच सुटतो, व मुळें नसतील तर पुढील मोठा पाऊस तें खालीं नेतो. म्हणून पेरणीजोगी ओल होऊन वाफसा येतांच पेरणी उरकावी, आणि नत्रखत सारें पेरणीबरोबर न देतां त्याचा एक हप्ता पीक मुळें धरीपर्यंत राखून ठेवावा.

उकिरड्याविषयींहि जड नत्र साक्ष देतें. ढीग उघडा राहिला कीं अमोनिया उडतो. त्यांत हलके अणु अधिक वेगानें जातात व मागें जडांचें प्रमाण वाढतें. यावरून विहिरींतील नायट्रेट शेणामुतांतून आलें कीं खतांतून, याचा अंदाज बांधतां येतो. मात्र पाणथळ जागीं नायट्रेटाचा वायु होऊन जातांनाहि हेंच घडतें; तेव्हां एवढ्यावरून शेजाऱ्याच्या गोठ्यावर ठपका ठेवूं नये. आपल्या खताचा खड्डा तेवढा मातीनें लिंपावा, आणि खत शेतांत पसरल्यावर त्याच दिवशीं कुळवून मातीआड करावें.